नाशिकची गाडी बर्फात नेताना: मनाली-लाहौलच्या हिवाळी प्रवासाआधीची तयारी

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे बातमी होते आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पण गाडीच्या हिशेबाने ही थंडी नव्हेच. पाणी गोठत नाही तोवर सगळं चालून जातं: रेडिएटरमधलं बोअरचं पाणी, चार वर्षांची बॅटरी, वायपरच्या टाकीतलं शाम्पूचं पाणी. डिसेंबर-जानेवारीत मनालीला रात्री पारा शून्याखाली जातो आणि अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये उणे १५ पर्यंत सहज उतरतो. तिथे यातलं काहीच चालत नाही.

नाशिकची गाडी तिथे अडते, त्याचं मूळ बऱ्याचदा तिथल्या बर्फात नसतं. ते इथल्या उन्हाळ्यात केलेल्या तडजोडीत असतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढला, हीटरचा पाइप गळतो म्हणून बायपास केला, कूलंट महाग म्हणून पाणी घातलं. त्यामुळे नवं सामान विकत घेण्याआधी गाडीवर आजवर काय काय करून ठेवलंय ते शोधा. निघायच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. थर्मोस्टॅट, हीटरचा कोअर (केबिनची हवा तापवणारा छोटा रेडिएटर) असे सुटे भाग कधी कधी मागवावे लागतात आणि ते बसवल्यावर गाडी आठवडाभर तरी चालवून बघायला हवी.

रेडिएटरमधलं पाणी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. इंजिनच्या ब्लॉकमध्ये या फुगण्याला जागा नसते. नशीब चांगलं असेल तर ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या बाहेर पडतात, नसेल तर रेडिएटर किंवा खुद्द ब्लॉक तडकतो. हे सगळं रात्री, गाडी बंद असताना होतं. सकाळी इंजिन सुरू झालं आणि बर्फ वितळला की मग गळती दिसते.

आधी गाडीत काय आहे ते मोजा. रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी हे नुसते रंग आहेत आणि पाण्याने पातळ झालेलं कूलंटही हिरवंच दिसतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. द्राक्षाची गोडी बघायला बागायतदाराच्या खिशात असतो त्याच जातीचा, पण ब्रिक्सची पट्टी असलेला नको. ग्लायकॉलचा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य द्रवाचा, गोठणबिंदू दाखवणारा घ्या किंवा गॅरेजवाल्याकडे मागा. इंजिन थंड असताना एक थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळी-पांढरी सीमा जिथे असेल त्या तापमानाला तुमचं कूलंट गोठतं.

इथिलीन ग्लायकॉलचं गणित असं: निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत द्रव राहतं. एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी असेल तर उणे १७-१८ पर्यंतच. सहा लिटरच्या यंत्रणेत एक लिटर कूलंट आणि बाकी पाणी, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार, उणे सात-आठलाच गोठू लागतो. म्हणजे लाहौल दूरच, मनालीचीही एखादी कडक रात्र तो काढणार नाही. आणि जास्त घातलं म्हणजे जास्त सुरक्षित असंही नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय उष्णता वाहून नेण्यात ते पाण्यापेक्षा कमी पडतं. निम्मं-निम्मं सोडून वेगळं काही करू नका.

कूलंट बदलताना बहुतेक ठिकाणी एकच चूक होते. रेडिएटरच्या खालचा नळ उघडला की सगळं पाणी निघत नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत बरंच उरतं. यंत्रणा सहा लिटरची असेल तर साडेतीन-चार लिटर बाहेर येतात आणि दोन-अडीच लिटर जुनं पाणी आतच राहतं. वरून तयार निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं की आतलं प्रमाण तीस टक्क्यांवर येतं, आणि मालक मात्र बाटलीवरचा उणे ३७ चा आकडा वाचून निर्धास्त असतो. म्हणून असं करा:

१. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा आणि खालून पाणी काढा. गरम इंजिनचं झाकण उघडलं तर वाफेने हात भाजतो.

२. डिस्टिल्ड वॉटर भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन चालवा. थंड होऊ द्या आणि पुन्हा काढा. निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करा. गंजाचं पाणी असेल तर तीन-चार वेळा लागतं.

३. गाडीच्या पुस्तिकेत यंत्रणेची एकूण क्षमता दिलेली असते. तिच्या निम्मं कूलंट, पाणी न मिसळलेलं, आधी ओता. सहा लिटरला तीन लिटर. उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आत राहिलेलं पाणी धरून आता बरोबर निम्मं-निम्मं होतं.

४. हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवा, हवा निघू द्या. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. नाक वर राहील अशा चढावर गाडी उभी केली तर हवा लवकर निघते.

५. दोन दिवस चालवून पातळी बघा, मग पुन्हा रिफ्रॅक्टोमीटर लावा.

कूलंटचा प्रकार पुस्तिकेत लिहिलेलाच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. न जुळणारी रसायनं एकत्र आली की गंजरोधक गुण जातो, कधी चिखलासारखा गाळ बसतो. आणि हे द्रव विषारी आहे, चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. गॅरेजच्या दारात ओतून देऊ नका.

थर्मोस्टॅट आणि हीटर

गाडी तापते अशी तक्रार घेऊन मे महिन्यात गॅरेजला गेलात आणि मिस्तरीने ‘वॉल काढून टाकला, आता टेन्शन नाही’ असं सांगितलं असेल, तर ते टेन्शन आता आलंय. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. त्याआधी तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. तो नसेल तर उणे तापमानात इंजिन अर्धवट गरमच राहतं. हीटरला कोमट हवा, काचेवरचं धुकं हटत नाही, इंधन खाणं वाढतं, आणि बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळत नाही आणि दिवा पेटतो.

तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होस पाइपला हात लावा, पंख्यापासून जपून. थर्मोस्टॅट नीट असेल तर पाइप बराच वेळ थंड राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय. नवा बसवताना पुस्तिकेतल्या तापमानाचाच बसवा. बसवण्याआधी घरी पातेल्यातल्या गरम पाण्यात दोऱ्याला टांगून तो उघडतो का तेही बघता येतं. आणि मुळात गाडी तापत का होती ते शोधा. तुंबलेला रेडिएटर किंवा दमलेला पंखा तसाच ठेवून थर्मोस्टॅट बसवला, तर परतीच्या वाटेवर ती पुन्हा तापेल.

हीटर आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, त्यामुळे तो बिघडलाय हे कळतच नाही. इंजिन गरम झाल्यावर बोनेट उघडा. इंजिनकडून केबिनच्या भिंतीत जाणारे दोन रबरी पाइप दिसतील. दोन्ही गरम हवेत. एक गरम आणि एक थंड असेल तर आत गाळ अडकलाय किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही पाइप भिंतीत न जाता एकमेकांना जोडलेले दिसले तर हीटर बायपास केलाय. म्हणजे केव्हातरी आतला कोअर गळला होता. हे काम डॅशबोर्ड सोडवून करायचं असतं, दिवस जातो. त्याचा अंदाज आधीच घ्या. हीटर लावल्यावर केबिनमध्ये गोडसर वास आला आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसला, तर कोअर आत्ताही गळतोय.

डिझेल

डिझेलमध्ये मेण असतं. तापमान उतरलं की त्याचे कण दिसू लागतात, डिझेल दुधट होतं आणि फिल्टर तुंबतो. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून वाहणं थांबण्याच्या तापमानाला मर्यादा आहे: उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल याहून चांगलं असू शकतं, पण शून्याखाली ते वाहील अशी हमी या आकड्यांत कुठेच नाही. लडाखसाठी म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते याच कारणाने.

म्हणून टाकीचं नियोजन रस्त्याबरोबर करा. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, चंदीगढ करत मनाली म्हणजे सुमारे १८०० किलोमीटर. मंडी येईपर्यंत टाकी पावावर आणा आणि कुल्लू-मनालीत स्थानिक पंपावर भरा. भरताना थंडीचं डिझेल आहे का ते विचारा. पुढे लाहौलला जायचं असेल तर मात्र टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. बर्फात अडकलात तर तेच इंधन तुमची शेकोटी असतं.

मेण धरू नये म्हणून मिळणारं अॅडिटिव्ह वापरायचं तर ते डिझेल अजून स्वच्छ असताना, म्हणजे मंडीच्या आसपास, आधी टाकीत ओतायचं आणि वरून डिझेल भरायचं, म्हणजे ढवळलं जातं. प्रमाण बाटलीवर असेल तितकंच. डिझेल दुधट झाल्यावर ओतलं तर झालेलं मेण विरघळत नाही. जुने ट्रकवाले रॉकेल मिसळायचे. बीएस-६ गाडीत ते करू नका. पंप आणि इंजेक्टर डिझेलच्या वंगणावर चालतात आणि रॉकेलला ते वंगण नाही. पंप गेला तर सहलीच्या खर्चाइतकं बिल येतं.

निघण्याआधी डिझेल फिल्टर नवा घाला आणि एक जास्तीचा डिकीत ठेवा, सोबत तो उघडायचा पानाही. फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं आणि मेणाच्या आधी तेच गोठतं. तळाचा स्क्रू सैल करून, खाली ग्लास धरून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा. कपभराच्या आत काम होतं. मग स्क्रू घट्ट करा आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा.

मेण धरलेल्या गाडीचं लक्षण ठरलेलं आहे. नळीतल्या डिझेलवर ती सुरू होते, मिनिट-दोन मिनिटं चालते, अॅक्सिलरेटर दिला की दम तोडते. मग पुन्हा सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिल्टरला गुंडाळा, दोन-तीनदा बदला किंवा ऊन येईपर्यंत थांबा. टाकीखाली जाळ करून डिझेल पातळ करणारे लोक डोंगरात भेटतील. तुमच्या गाडीखाली प्लास्टिकची टाकी आणि वायरी आहेत, त्यांना नम्रपणे नको म्हणा.

सुरू होण्याआधी डिझेल इंजिनला आतून ऊब देणारे ग्लो प्लगही बघून घ्या. नाशिकच्या हवेत चारातले दोन गेले तरी गाडी सुरू होते, म्हणून कळत नाही. मिस्तरीकडून प्रत्येकाचा रेझिस्टन्स मोजून घ्या. बहुतेक प्लग एक ओमच्या आसपास असतात आणि जळालेल्याचं वाचनच येत नाही. डॅशबोर्डवरचा पिळाचा दिवा विझेपर्यंत थांबायची सवय इथूनच लावा.

ज्या गाडीत डीईएफ (धूर साफ करणारं युरियाचं द्रावण) भरावं लागतं तिथे ते उणे ११ अंशांना गोठतं. घाबरायचं कारण नाही, टाकीला हीटर असतो आणि इंजिन त्याशिवायही सुरू होतं. पातळ करायला त्यात पाणी किंवा कूलंट अजिबात घालू नका.

पेट्रोल गाडीला हे दुखणं नाही. टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत दव धरत नाही, इतकंच. सीएनजीवाल्यांनी मात्र ऐका. सिलिंडरमधला वायू रेग्युलेटरमध्ये फुगताना थंड होतो आणि त्याला ऊब इंजिनच्या पाण्यातूनच मिळते. इंजिन थंड असताना सीएनजीवर बदललं तर रेग्युलेटरला बर्फ धरतो. डोंगरात पेट्रोलवरच चालवा, सीएनजीवर अवलंबून पल्ला ठरवू नका. आणि वर्षभर सीएनजीवरच फिरणाऱ्या गाडीचं पेट्रोल, त्याचा पंप आणि इंजेक्टर नीट आहेत का ते निघण्याआधी दोन टाक्या पेट्रोल जाळून बघा.

बॅटरी

बॅटरी मरते नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, उघडकीला येते मनालीच्या डिसेंबरमध्ये. उन्हाने तिच्या प्लेटा झिजतात, पण गरम हवेत इंजिन हलकं फिरतं म्हणून निभावतं. उणे १८ अंशांना चांगल्या बॅटरीचीही ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पूर्ण चार्ज बॅटरीतलं ॲसिड उणे ५० च्या खालीही गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीत ते जवळजवळ पाणीच असतं, ते उणे १० च्या आसपास गोठतं आणि डबा फुटतो.

रात्रभर उभ्या गाडीवर, सकाळी काहीही न लावता मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या वर हवे. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. मग सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा: ९.६ च्या खाली आकडा गेला तर बॅटरी दमली आहे. तीन वर्षांपेक्षा जुनी बॅटरी नुसत्या आकड्यांवर विश्वासून नेऊ नका, दुकानात लोड टेस्ट करून घ्या. फुकटची परीक्षा हवी असेल तर डिसेंबरातल्या एखाद्या कडाक्याच्या रात्री गाडी निफाड-ओझरकडे कुणा नातेवाइकाच्या मळ्यात उघड्यावर ठेवा आणि पहाटे साडेपाचला सुरू करा. सहा अंशांना जी कण्हते ती उणे सहाला बोलणारही नाही.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडी करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. डॅशकॅमचं पार्किंग रेकॉर्डिंग आणि बाहेरून बसवलेला ट्रॅकर रात्री बंद करा. जंप केबल जाड तांब्याच्या घ्या. स्वस्तातल्या केबलला रबरच जाड असतं, तार बारीक. जोडताना लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. डबा फुगलेला दिसला तर बॅटरी गोठली आहे, तिला केबल लावूच नका.

इंजिन ऑइल

डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला असतो. इंजिन फिरू शकेल का याची चाचणी २०डब्ल्यूला उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूला उणे २० वर, १०डब्ल्यूला उणे २५ वर आणि ५डब्ल्यूला उणे ३० वर घेतात. या शेवटच्या मर्यादा आहेत; आरामात सुरू व्हायचं तर दहा अंश तरी हाताशी हवेत. गाडी जुनी झाली, तेल पिते म्हणून २०डब्ल्यू-५० घालून ठेवलं असेल तर बदला. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० चालतं असं लिहिलं असेल तर तेच. फिल्टर सोबत बदला.

टायर, हवा आणि चेन

आपल्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, मग नक्षी कितीही खोल असली तरी पकड कमी होते. खरा हिवाळी टायर ओळखायचा तर बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण शोधा. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं असणं म्हणजे ती चाचणी पार केलेला टायर नव्हे. आपल्याकडे असे टायर सहज मिळत नाहीत आणि आठवड्याच्या सहलीसाठी घ्यावेत असंही वाटत नाही. चांगल्या नक्षीचे चार टायर आणि नीट बसणाऱ्या चेन, हा व्यवहारी मार्ग. नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, ती बर्फासाठी नाही.

हवेचं गणित बहुतेक लोक अर्धंच करतात. थंडीने हवा उतरते, पण उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने मीटर जास्त दाखवतं. नाशिकला ३० अंशांना ३३ पीएसआय भरली, तर मनालीला शून्य अंशांना मीटर साधारण ३०-३१ दाखवेल. म्हणजे दोन-तीन पीएसआयचा फरक. मनालीत सकाळी गाडी थंड असताना पुस्तिकेतल्या आकड्यावर आणून घ्या. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला मिळेल. तो वाळूतला आहे. दगडांच्या रस्त्यावर रिम वाकेल आणि चेन घसरेल.

चेन टायरच्या मापाप्रमाणे घ्या. चाक आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये बोट जेमतेम जात असेल तर जाड कड्यांची चेन ब्रेकचा पाइप कापते. पुस्तिकेत चेन चालते का आणि किती जाडीची, ते लिहिलेलं असतं. भाड्याची चेन मनालीत मिळते, पण बर्फ पडलेल्या सकाळी तुमच्या मापाची उरली असेलच असं नाही. चेन चालवणाऱ्या चाकांना लागते. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात, म्हणून पुढे. फक्त पुढे लावली की उतारावर मागचा भाग घसरून फिरू शकतो हे मात्र ध्यानात ठेवा.

लावायची पद्धत घराच्या पार्किंगमध्ये दोनदा करून बघा, एकदा हातमोजे घालून:

१. बर्फ सुरू होण्याआधी, सपाट आणि रुंद जागी थांबा. वळणावर नाही. पार्किंग लाइट लावा.

२. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांची टोकं टायरकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला राहतील अशी बघा, नाहीतर रबर खरवडतं.

३. आतली केबल चाकामागून घालून वर जोडा आणि मागे ढकला. मग बाहेरचा हूक लावा.

४. जाळी सगळीकडे सारखी पसरा, ताण द्या, उरलेलं टोक बांधून टाका.

५. ५०-१०० मीटर गाडी चालवून पुन्हा ताणा. हे राहून गेलं की खडखड सुरू होते आणि चेन तुटून फेंडर फाटतो.

चेन लावून ताशी ४० च्या वर जाऊ नका. डांबर लागलं की काढा. बोगद्यातला कोरडा रस्ताही त्यात आला. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, तेवढ्या अंतरात चेनही झिजते आणि टायरही. बर्फ असला की मनालीच्या पुढे पोलिस फोर-बाय-फोर किंवा चेनवाल्याच गाड्या सोडतात. नियम दिवसाला बदलतो, सकाळी चौकशी करून निघा.

हँडब्रेक, काचा, दारं

मुक्कामाला पोचल्यावर हँडब्रेक ओढू नका. ओली केबल किंवा ड्रम रात्रीत गोठतो आणि सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि चाकाला दगड लावा. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आपोआप लागत असेल तर तो कसा बंद करायचा ते पुस्तिकेत आधीच वाचा.

वॉशरच्या टाकीतलं पाणी नाशिकमध्येच पूर्ण संपवा आणि उणे तापमानाचं वॉशर फ्लुइड भरा. मिळालं नाही तर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर, सोबत साबणाचे दोन थेंब. उणे १२ पर्यंत निभावतं. भरल्यावर फवारा मारा, म्हणजे नळीतलं जुनं पाणी जाईल. वायपरची रबरं नवी घाला. रात्री वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलंत तर काच तडकेल. हीटर काचेकडे वळवा, एसी चालू ठेवा, हवा बाहेरून घ्या. एसी हवेतला ओलावा काढतो म्हणून काच आतून लवकर साफ होते. थंडीत एसी कशाला, असं म्हणून बंद करू नका.

दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे किंवा ग्लिसरीन. पोचायच्या आदल्या दिवशी गाडी धुवू नका. आणि बर्फाच्या आधी हरियाणा-पंजाबातलं धुकं लागतं, तेव्हा फॉग लॅम्प आणि मागचे दिवे नीट आहेत का ते नाशिकमध्येच बघा.

डिकीत काय

लहान दांड्याचं फावडं, दोन-तीन किलो कोरडी वाळू आणि जाडं मीठ. मीठ उणे आठ-दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तिथे वाळूच. टोचनचा मजबूत पट्टा आणि गाडीचा टोचन हूक. तो स्टेपनीजवळ असतो, एकदा बसवून बघा. हवेचा पंप, हेडटॉर्च, रबरी हातमोजे, माणशी एक जाड ब्लँकेट, सुका खाऊ, पाणी. पाण्याची बाटली पूर्ण भरू नका, गोठली की फुटते.

बर्फात अडकून रात्र काढावी लागली तर आधी सायलेन्सरभोवतालचा बर्फ फावड्याने काढा, मगच इंजिन लावा. धुराचा मार्ग बंद झाला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवादळात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली. तासाला दहा-पंधरा मिनिटं इंजिन, वाऱ्याच्या आडोशाची एक काच बोटभर उघडी, आणि दर वेळी सुरू करण्याआधी सायलेन्सर पुन्हा बघायचा.

पहिला बर्फ लागल्यावर

रिकाम्या सपाट जागी ताशी २० ने जाऊन एकदा ब्रेक दाबून बघा. गाडी किती लांब जाते ते कळतं आणि एबीएसची घरघर पायाला ओळखीची होते. ती घरघर सुरू झाली की पाय उचलू नका. सुरुवात दुसऱ्या गिअरला, क्लच हळू सोडत. चढावर थांबू नका, वर जागा मोकळी झाल्यावरच चढायला घ्या. कसारा घाटात चालतं तसं पुढच्या गाडीला चिकटून जाणं इथे चालणार नाही. उतारावर पहिला-दुसरा गिअर आणि ब्रेकला कमीत कमी हात. सगळ्यात फसवा पांढरा बर्फ नसतो. सावलीतल्या वळणावर, पुलावर, झऱ्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं तिथे जो काळा, ओला डांबर वाटतो तो बर्फ असतो. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर असे तुकडे सगळीकडे असतात.

परतल्यावर

चेन धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवा, ओली पिशवीत ठेवली तर पुढच्या वेळी गंजाचा गोळा निघेल. गाडी खालून दाबाच्या पाण्याने धुवा, रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं. कूलंट, थर्मोस्टॅट आणि तेल तसंच राहू द्या, नाशिकच्या उन्हाळ्यातही तेच योग्य आहे. मनालीत शून्य अंशांना ३३ भरलेली हवा इथे ३५-३६ दाखवेल. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, ती उतरवून घ्या.